पन्नास आणि पन्नास पंचवीस

दिवाळीच्या तोंडावर माळा उपसायचा ही आमच्या घरची जुनी रीत आहे. दरवर्षी त्याच वस्तू खाली येतात, पुसल्या जातात आणि पुन्हा मुकाट्यानं वर जातात. पितळी स्टोव्ह, अण्णांची टपालखात्यातली खाकी पिशवी, कुणाच्या तरी मुंजीतला चौरंग आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. या डब्याला मी सहसा कुणाला हात लावू देत नाही. तुम्ही म्हणाल, दागिने असतील. दागिने कसले! एक हिरवी पट्टी, काही पांढऱ्या धातूचे जोड, अंगठ्याच्या पेराएवढ्या दोन टोप्या आणि एक फ्लॉपी, एवढाच ऐवज. भंगारवाला त्याचे पाच रुपयेसुद्धा देणार नाही.

यंदा तो डबा माझ्या भाच्याच्या हाती लागला आणि पंचाईत झाली.

भाचा पंधरा वर्षांचा आहे. या वयात आमच्या वेळची मुलं पोस्टाची तिकिटं जमवीत. हा जुने संगणक जमवतो. जुन्या बाजारातून त्यानं एक चारशे शहाऐंशी जातीचं धूड घरी आणलं आहे. त्यावर चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत. काळा पडदा, त्यावर एक अक्षर, एक बाण आणि लुकलुकणारी एक रेघ. आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरबरोबर १९८१ साली जी डॉस नावाची व्यवस्था आली, तिचीच ही धाकटी बहीण. हिचं नाव फ्रीडॉस. १९९४ सालापासून हौशी मंडळींनी ती स्वतः लिहून जिवंत ठेवली आहे. तिच्याशी बोलायचं तर टंकून बोलावं लागतं, आणि एक टिंब चुकलं तर ती तुमची ओळखसुद्धा दाखवीत नाही. मला विचाराल तर माझ्या सासूबाईंच्या स्वभावाच्या ती फार जवळची आहे. पण ते असो.

तर या धुडात जाळ्याचं कार्ड बसवून ते घरच्या राऊटरला जोडायचं, असा भाच्याचा बेत होता. दोन संध्याकाळी तो खोलीतून बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो तणतणतच.

"आत्या, कार्डच खराब आहे! सातशे रुपये घेतले आणि फसवलं मला त्या माणसानं. आता त्याला असं सुनावतो की बस्स."

आणि तो खरोखरच मोबाईलवर त्या दुकानदाराला काहीतरी टंकू लागला.

"थांब!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या. "कार्ड खराब आहे हे तुला कशावरून कळलं?"

"बाकी सगळं बरोबर आहे म्हणून."

अगदी हेच वाक्य! तीस वर्षांपूर्वी, पुण्यातल्या एका पेठेत, एका पतपेढीच्या पोटमाळ्यावर उभी राहून मी हेच वाक्य बोलले होते. त्याचं काय झालं ते मी घरात कुणाला कधी सांगितलेलं नाही. अण्णांना ठाऊक होतं. पण अण्णा आता नाहीत.

ते १९९५ साल होतं. मी तेवीस वर्षांची होते. बी.कॉम. झाल्यावर वर्षभराचा संगणकाचा कोर्स केला होता, आणि दोन खोल्यांच्या एका छोट्या कंपनीत अठराशे रुपयांवर चिकटले होते. नोकरीला तीन महिने झाले होते आणि हाताखाली कुणी नव्हतं. पण लोक मला "मॅडम" म्हणू लागले होते. तेवीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यात शिरायला हा एक शब्द पुरतो. त्या वर्षीच्या दिवाळीत सूर्यग्रहणही आलं होतं, त्यामुळे कुणी काय केव्हा करावं यावर पेठेत भरपूर वाद चालले होते. पतपेढीचं म्हणणं मात्र साधं होतं. पाडव्याच्या मुहूर्तावर नवी ठेव योजना सुरू व्हायची आहे, तिचं काम पोटमाळ्यावर चालेल, तेव्हा वसुबारसेच्या दिवशी तिथला पाचवा संगणक जाळ्यात आला पाहिजे. खाली काउंटरवर चार संगणक होते. मागच्या खोलीत सर्व्हर होता. त्यावर नॉव्हेल कंपनीची नेटवेअर ३.११ ही व्यवस्था १९९२ सालापासून बिनतक्रार चालत होती.

केबल ओढायला मामा आले होते. त्यांचं नाव काहीही असो, पेठेत सगळे त्यांना मामाच म्हणत. पन्नाशीचे, पांढरा लेंगा, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि खांद्याला घरी शिवलेली कापडी पिशवी. अर्ध्या पेठेतल्या वाड्यांची विजेची फिटिंगं त्यांच्या हातची होती. पहिल्या चार संगणकांची केबल टाकताना मुंबईहून आलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून ते जोड दाबायला शिकले होते. पिशवीत त्यांचं काट्याचं एक मीटर होतं. ते धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं असे. सकाळी जोड दाबता दाबता त्यांनी सांगितलं, की धाकट्या मुलीचा पहिला दिवाळसण आहे, जावई परवा येणार. मी "हो का?" म्हटलं आणि स्क्रू फिरवीत राहिले.

आता थोडं त्या कार्डाविषयी. आज तुम्ही यंत्रात काहीही खुपसा, यंत्र ते ओळखतं आणि आपलं आपण कामाला लागतं. तेव्हा तसं नव्हतं. पुण्यातल्या जुन्या वाड्यांत दिंडीला घंटा असे आणि तिची दोरी ओढली की आतून कुणीतरी येई. यंत्राच्या पोटातही अशा घंटा असतात. प्रत्येक जोडवस्तूनं आपल्या घंटेची दोरी ओढून मुख्य चिपला बोलवायचं, आणि चिपनं त्या वस्तूच्या दाराशी जाऊन काय ते घ्यायचं. घंटेला म्हणत आयआरक्यू आणि दाराला पोर्ट. घंटा मोजक्या. बहुतेक आधीच कुणी ना कुणी धरलेल्या. दोन वस्तूंनी एकच दोरी ओढली तर चिप भलत्याच दाराशी जाऊन उभी राहते, आणि दुसरी वस्तू बिचारी हाका मारीत बसते. गंमत अशी की कुणीही तक्रार करीत नाही. यंत्र गप्प होतं, इतकंच.

माझं कार्ड एनई २००० जातीचं होतं. ही मूळची नॉव्हेलची रचना. पण तिच्या इतक्या स्वस्त नकला निघाल्या की अस्सल कार्ड मी जन्मात पाहिलं नाही. ते कारखान्यातून येताना तीन नंबरची घंटा आणि तीनशे नंबरचं दार धरून येई. इकडे त्या संगणकाचा माऊस दुसऱ्या सीरियल पोर्टवर होता, कारण पहिला पोर्ट पासबुकं छापायच्या प्रिंटरसाठी राखून ठेवला होता. आणि दुसऱ्या सीरियल पोर्टची घंटा कोणती? तीनच! माऊसला हात लावला की कार्ड मुकं. हे मला अर्ध्या तासात उमगलं. कार्डावर तुरीच्या डाळीएवढी एक टोपी असते, जंपर म्हणतात तिला. ती चिमट्यानं उपसून मी पाच नंबरवर बसवली. पाचची घंटा दुसऱ्या प्रिंटरची, आणि दुसरा प्रिंटर तिथं नव्हताच. कार्डाची स्वतःची तपासणी चालवली. सगळं ठीक. व्यवस्थापक साहेब मागं उभे होते. "वा, मॅडम!" म्हणाले.

ही शाबासकी मला भोवली.

मग फ्लॉपीवरून चालक चढवले. हे चार भाग एकामागून एक, ठरलेल्या क्रमानं चढवावे लागत. आधी जोडणीचा थर, मग कार्डाचा चालक, मग नॉव्हेलची बोली आणि शेवटी सर्व्हरला हाक घालणारा. क्रम चुकला तर पुढचा चढायला नकार देई. शिवाय सगळ्यांनी मिळून सहाशे चाळीस के एवढ्याच जागेत राहायचं आणि हिशेबाच्या प्रोग्रामला त्यातूनच जागा सोडायची. चाळीतल्या दोन खोल्यांत पाहुणे उतरवण्यासारखंच हे. तिघं बिनबोभाट चढले. पडद्यावर भराभर ओळी आल्या आणि गेल्या. चौथ्यानं हाक घातली. थोडा वेळ गेला. मग उत्तर आलं: फाईल सर्व्हर सापडत नाही.

पुन्हा केलं. सापडत नाही. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. सापडत नाही.

संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. आम्ही केबल तोडणार म्हणून काउंटरवरची मंडळी आपापले संगणक दुपारीच बंद करून हिशेबाच्या वह्या लिहीत बसली होती. सगळ्यांचे कान पोटमाळ्याकडे होते. मी मनाशी हिशेब केला. कार्ड ठीक आहे. तपासणी तसं सांगते. घंटा ठीक आहे. ती मी स्वतः बदलली. चालक नवे कोरे आहेत. मग राहिलं काय?

"केबल बघा, मामा," मी म्हटलं.

ही केबल म्हणजे घरच्या टीव्हीच्या काळ्या तारेसारखी जाड तार. ती एका संगणकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी माळेसारखी ओवलेली असते. प्रत्येक संगणकाशी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा एक जोड आणि माळेच्या दोन्ही टोकांना एकेक टोपी. या टोपीत पन्नास ओहमचा रोध असतो. तो नसेल तर तारेतून गेलेला संदेश टोकावर आपटून उलटा येतो आणि सगळा गोंधळ माजतो. त्या टोप्यांवर पन्नास हा आकडा छापलेला असतो, आणि आमच्या कोर्सच्या वहीतही तो लाल शाईनं चौकटीत लिहिलेला होता.

मामांनी फडकं सोडलं. टी जोड कार्डापासून सुटा केला, मीटरची एक सुई मधल्या पिनेला आणि दुसरी कडेला लावली. काटा हलला आणि थांबला.

"पंचवीस दाखवतोय, ताई. केबल चांगली आहे."

"पंचवीस? पन्नास हवेत, मामा. टोपीवरच लिहिलंय."

"एका टोपीचे पन्नास. पण या टोकाला एक आहे आन् खाली सर्व्हरच्या टोकाला एक. दोन्ही शेजारी-शेजारी जोडल्यासारख्याच झाल्या. मग निम्मे होणार ना? पन्नास आणि पन्नास पंचवीस."

"मामा," मी म्हटलं, आणि खाली ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "पन्नास आणि पन्नास शंभर होतात!"

खाली हशा पिकला. रोखपाल तर टेबलावर थाप मारून हसले. व्यवस्थापक साहेबही हसले. मामा हसले नाहीत. ते मीटरकडे पाहत राहिले, आणि मग म्हणाले, "बघा परत एकदा." बस्स, एवढंच.

वाचकहो, समांतर जोडलेले रोध निम्मे होतात हे मी शाळेत शिकले होते. त्यावर गुणही मिळवले होते. पण ते शाळेच्या पुस्तकातलं होतं, हे संगणकाचं होतं, आणि समोर उभा असलेला माणूस लेंग्यातला होता. या तीन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत.

साहेबांनी विचारलं, "मॅडम, मग नक्की केबलच ना?"

मी म्हटलं, "बाकी सगळं बरोबर आहे."

मजुरी साडेतीनशे ठरली होती. शंभर सकाळी उचल म्हणून दिलेले होते. साहेब मामांना म्हणाले, की उरलेले काम नीट झाल्यावर, दिवाळीनंतर बघू. मामांनी उरलेली तार वेटोळं करून खुंटीला लावली, मीटर फडक्यात गुंडाळलं आणि ते जिना उतरून गेले. दिवाळसणाची गोष्ट मला त्या वेळी आठवली. मी ती बाजूला सारली.

सात ते साडेनऊ मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. मामांनी दाबलेले दोन सुबक जोड कापून टाकले आणि माझे दोन बेढब जोड दाबले. सर्व्हर सापडला नाही. तार बदलली. सापडला नाही. टोपी बदलली. नाहीच. मंडळी केव्हाच घरी गेली होती. खाली रखवालदार आणि वर मी. साडेनऊला अण्णा स्कूटरवरून न्यायला आले. तेव्हा मोबाईल कुठले! मुलगी आली नाही की वडील निघत. अण्णा टपालखात्यातून निवृत्त झालेले. संगणकाचं त्यांना ओ की ठो कळत नसे. स्टुलावर बसून त्यांनी माझी पाच मिनिटं रडकथा ऐकली, आणि विचारलं, "बाकीची चार यंत्रं चालतात का गं?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

खाली धावत गेले. रोखपालांचा संगणक चालू केला. ओळी सरकल्या, सर्व्हर सापडला, नाव विचारलं गेलं. क्षणाचाही उशीर नाही. दुसरा लावला, तोही तसाच. अहो, ही माळ आहे! कुठल्याही एका ठिकाणी तुटली की अख्खी माळ बंद पडते. चार मणी जागेवर आहेत म्हणजे दोरा शाबूत आहे. आणि माझे बेढब जोडसुद्धा शाबूत होते, म्हणजे मामांचे तर होतेच.

मग मी प्रथमच दोष शोधायला बसले. त्याआधी मी दोषी शोधीत होते. रोखपालांच्या पडद्यावरच्या ओळी कागदावर उतरवून घेतल्या, वर येऊन माझ्या पडद्यावरच्या उतरवल्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. घंटेचा नंबर वेगळा, ते ठीकच. दार तेच. वेग तोच. आणि अगदी शेवटी एक शब्द: फ्रेम. खाली लिहिलं होतं आठशे दोन पूर्णांक तीन. वर लिहिलं होतं आठशे दोन पूर्णांक दोन. दिवसभर ही ओळ माझ्या डोळ्यांसमोरून पन्नास वेळा गेली होती. ती मी एकदाही वाचली नव्हती. यंत्र गप्प नव्हतं हो. ते दुपारपासून सांगतच होतं.

फ्रेम म्हणजे संदेशाचं पाकीट. एकाच तारेवरून पाकिटं पाठवायच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. कुठं काय लिहायचं एवढाच फरक. नेटवेअर ३.११ पर्यंत एक पद्धत रूढ होती. १९९३ साली ३.१२ आली तेव्हा नॉव्हेलनं दुसरी पद्धत रूढ केली, आणि नव्या फ्लॉप्यांवरचे चालकही आपण होऊन नवीच धरू लागले. पतपेढीचा सर्व्हर जुन्या वळणाचा आणि माझी फ्लॉपी नव्या. माझं यंत्र हाका मारीत होतं, सर्व्हरच्या दारापर्यंत त्या पोचतही होत्या. पण पाकीट ओळखीचं नाही म्हणून तो ते उघडतच नव्हता.

अण्णांना हे सांगितलं. त्यांना ते माझ्या शिक्षकांपेक्षा लवकर कळलं. म्हणाले, "बहात्तर साली पिनकोड आला तेव्हा निम्म्या पेठेला तो लिहायची सवय नव्हती. तरी पत्रं पोचायची. सॉर्टिंगला माणूस बसला होता ना. तुमच्याकडे माणूस नाही."

उपाय एका ओळीचा होता. नेट.सीएफजी नावाच्या छोट्या फाईलीत जुन्या फ्रेमचं नाव लिहायचं. मी लिहिलं. यंत्र पुन्हा सुरू केलं. सर्व्हर सापडला नाही! मला रडू कोसळायचं बाकी राहिलं. मग रोखपालांच्या यंत्रातली फाईल उघडून पाहिली. तिथं कार्डाच्या नावाखालच्या ओळी थोड्या आत सरकवून लिहिलेल्या होत्या. माझी ओळ समासाला चिकटलेली होती. त्या फाईलीचा कायदा असा, की समासाला चिकटलेली ओळ म्हणजे मथळा, आत सरकलेली म्हणजे त्या मथळ्याखालचा मजकूर. माझ्या ओळीला ती कुणाचीच मानत नव्हती. मी तिच्यापुढं एक मोकळी जागा सोडली. एक. यंत्र सुरू केलं आणि सर्व्हरनं माझं नाव विचारलं.

रात्रीचे पावणेअकरा झाले होते. आम्ही जिना उतरत असताना अण्णा म्हणाले, "त्या वायरमनला कळवायला हवं."

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. सकाळी साहेबांना पाचवा संगणक चालवून दाखवला. ते खूष झाले, पेढ्यांचा पुडा पुढं केला आणि म्हणाले, "केबलच होती ना शेवटी?"

आता काय ते सांगायची वेळ हीच होती. मी पेढा उचलला आणि म्हटलं, "हो, जोडणीत जरा होतं. काढलं दुरुस्त करून." शब्दशः पाहिलं तर यात खोटं फारसं नाही. असली वाक्यं माणसाला कशी आयत्या वेळी सुचतात, देव जाणे.

ती दिवाळी मला गोड लागली नाही. भाऊबीज झाली आणि मी दोनशे पन्नास रुपये पाकिटात घालून मामांचं घर शोधीत गेले. नदीकाठच्या वस्तीत दोन खोल्या. दारात रांगोळी, आत मामांची मुलगी चहा करीत होती. मामांनी खुर्ची दिली आणि स्वतः कॉटवर बसले. मी पाकीट पुढं केलं. "पतपेढीनं पाठवलेत. राहिलेले."

मामांनी पाकीट घेतलं नाही. "व्हाउचर?"

"अं?"

"पतपेढीचा पैसा व्हाउचरवर सही घेतल्याबिगर बाहेर पडत नाही, ताई. सतरा वर्षं घेतोय मी."

मी पाकीट हातात धरून बसून राहिले. मग सगळं सांगितलं. फ्रेम, फ्लॉपी, मोकळी जागा, सगळं. त्यातलं त्यांना किती कळलं मला सांगता येणार नाही. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "काटा किती दाखवत होता शेवटी?"

"पंचवीस."

"मग बरोबर होतं," ते म्हणाले. आणि पाकिटाकडे बोट दाखवून म्हणाले, "ज्यानं ठेवून घेतले त्यानं द्यावेत. तुमचे नकोत."

चहा घेतल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. मुलगी परत निघायच्या गडबडीत होती. दिवाळसण कसा झाला ते विचारायचं धैर्य मला झालं नाही.

साहेबांकडे जायला मला आणखी आठ दिवस लागले. मनात मोठा प्रसंग रंगवून गेले होते. नोकरी जाईल, कंपनीचं नाव जाईल. साहेब हसले. "अहो, एवढंच ना! मग द्या सांगून अकाउंटंटला." त्याच दिवशी व्हाउचर निघालं. माझं कुणी काही वाकडं केलं नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात शाखेचं वायरिंग नव्यानं झालं तेव्हा दुसराच कुणी वायरमन आला होता. मी रोखपालांना विचारलं, मामा का नाहीत? ते म्हणाले, "त्या केबलच्या भानगडीनंतर साहेबांनी दुसरा माणूस धरला." भानगड काय होती हे त्यांना अर्धंच माहीत होतं. पन्नास आणि पन्नास पंचवीस एवढं मात्र त्यांच्या पक्कं लक्षात होतं. ते वाक्य काउंटरवर अजून विनोद म्हणून चालत होतं. मी त्यांना खरा हिशेब समजावून सांगितला. ते म्हणाले, "असं होय!" आणि विनोद चालूच राहिला.

पुढं काळी तार जाऊन टेलिफोनसारखी तार आली. माळ गेली, प्रत्येक यंत्राला स्वतःचा धागा मिळाला. जुन्या सामानाच्या ढिगातून मी ते कार्ड, टी जोड आणि दोन टोप्या उचलून आणल्या. डबा तेव्हापासून माळ्यावर आहे.

हे सगळं ऐकून भाच्यानं मोबाईल खाली ठेवला. मग आम्ही दोघं त्याच्या धुडासमोर बसलो आणि एकेक गोष्ट ओळीनं पाहिली. घंटा पाच, दुसरं कुणी नाही. दार तीनशे, तेही मोकळं. तार दुसऱ्या यंत्रात चालते. राऊटरच्या त्या भोकात दुसरं यंत्र चालतं. पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचून काढली, अगदी कार्डाच्या पत्त्यापर्यंत. आणि शेवटी त्याच्या मित्राचं तसलंच कार्ड आणून, तीच घंटा, तेच दार ठेवून लावलं. ते पहिल्या हाकेला बोललं!

म्हणजे भाच्याचं कार्ड खरोखरच मेलेलं होतं. दुकानदारानं एक शब्द न काढता ते बदलून दिलं. भाचा माझ्याकडे असा काही बघत होता, की तीस वर्षांची माझी तपश्चर्या त्यानं एका दुपारी पाण्यात घातली. मी काय बोलणार? कार्डंही कधी कधी खराब निघतात.

काल संध्याकाळी मी चकलीची भाजणी मळत होते. तो डबा घेऊन ओट्याशी आला. टी जोडाच्या दोन हातांना त्यानं त्या दोन टोप्या बसवल्या होत्या आणि आपल्या आकडी मीटरच्या सुया तिसऱ्या टोकाला लावल्या होत्या.

"आत्या, या टोप्या गेल्या," तो म्हणाला. "दोन्हींवर पन्नास लिहिलंय आणि पंचवीसच दाखवतंय."

मी हात धुतले आणि त्याला म्हटलं, "ते मीटर तसंच धर. हलू नकोस. मी स्टूल घेऊन येते."